दादाच्या गाडीतली मागची सीट

किस्से आणि पॅसेंजर यांची जात एकच. एकाला गाडीत घेतलं की पुढच्या वळणावर दुसरा हात करून उभाच असतो!

मॉरिशसमधल्या आमच्या रोझ बेलच्या टॅक्सी स्टँडवर रोज हेच चालतं. कोणीतरी सहज म्हणतं, "यशवंताच्या गाडीत एकदा काय झालं..." आणि झालं! त्याचा संपायच्या आत दुसरा सुरू होतो, दुसऱ्याच्या मधेच तिसरा घुसतो. सगळे किस्से एकाच गाडीचे, आणि गाडीतही एकाच जागेचे. मागच्या सीटचे.

यशवंत म्हणजे माझा दादा. त्याला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. मी अजून "दादा म्हणतो" असंच बोलतो. कोणी "म्हणायचा" असं सुधारायला आलं की मी त्याच्याशी भांडतो.

त्याची टॅक्सी आमच्या अंगणात उभी राहिली. कांप दे मास्कला वहिनीचा धाकटा भाऊ महादेव भाजी पिकवतो. त्याचा निरोप आला, "ताई, गाडी मला दे. मागची सीट काढून टाकतो, वांगी-कोबीच्या टोपल्या आरामात बसतील. तुझं आणि पोरींचं मी बघेन." माणूस वाईट नाही. खरंच बघेल. पण सीट काढून टाकणार! वांग्यांसाठी!

मी वहिनीला म्हटलं, "टॅक्सी मी चालवतो. लायसन आहे माझ्याकडे."

वहिनी म्हणाली, "भावजी, लायसन आहे, पण दम कुठे आहे तुमच्यात? तुमचं तोंड आणि तुमचा पाय, दोन्ही डोक्याच्या आधी चालतात. मला दोन पोरींचा विचार करायचाय."

महादेव रविवारी येणार होता. तो आठवडाभर मी स्टँडवर बसून ज्याला त्याला सांगत सुटलो, की ती सीट म्हणजे काय सीट आहे! मी शाळेत फार टिकलो नाही, त्यामुळे जसं सांगितलं तसंच इथे लिहितो.

*

दादाने गाडी घेतली तेव्हा मी बरोबर होतो. पोर्ट लुईसला गेलो. दादाच्या काखेत एक पिशवी. मला वाटलं, जेवण आहे.

दुकानात नव्या जपानी गाड्या ओळीने उभ्या. टाय लावलेला सेल्समन धावत आला. रेडिओ लावून दाखवला, सिगारेटचा लायटर पेटवून दाखवला. दादाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मागचं दार उघडलं आणि पिशवीतून आमच्या घरचा गणपतीचा पाट काढला!

आमच्याकडे गणपती नदीवर नेताना देव डिकीत ठेवत नाहीत आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवत नाहीत. देव मागे, मालकासारखा. तेव्हा पाट मागच्या सीटवर सरळ बसला पाहिजे, आणि वर मुकुटाला जागा पाहिजे. पहिल्या गाडीत पाट तिरका झाला. दुसरीत दारातच अडकला. तिसरीत बसला, पण दादाने पाटावर हात उभा धरला तर बोटं छताला टेकली.

सेल्समन अदबीने म्हणाला, "मिस्ये, इंजिन बघणार नाही का?"

"इंजिन माझ्यासाठी," दादा म्हणाला. "मागे जे बसणार त्यांचं आधी बघतोय."

शेवटी मागच्या आवारात एक जुनी काळी इंग्लिश गाडी दिसली. पाट आत ठेवला, असा बसला की जणू सुताराने माप घेऊन केलाय! वर मुकुटाला जागा, पुढे नैवेद्याच्या ताटाला जागा. दादाचा चेहरा उजळला.

सेल्समन बिचारा प्रामाणिक. तो म्हणाला, "पण मिस्ये, हिला रेडिओ नाही."

दादा म्हणाला, "असू दे. देवाला भजनं पाठ आहेत!"

*

गाडी इंग्लिश, म्हणून मागच्या बाजूला मधोमध जमिनीतून एक उंचवटा. खालून इंजिनाचा दांडा जातो ना, त्याचा. पॅसेंजरांनी त्याला नाव ठेवलं पिटरबोट, आपल्या त्या डोक्यावर धोंडा असलेल्या डोंगराचं! मधे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीशी. म्हणून दादाचा नियम असा की सगळ्यात बारीक माणूस मधे.

नियम सोपा, पण बायकांना कोणी सांगायचं? एकदा दोन विहिणी आल्या. दोघी चांगल्या भरल्या अंगाच्या. मुलांचं लग्न नुकतंच ठरलेलं, त्यामुळे तोंडात साखर.

"तुम्ही मधे बसा, तुम्ही किती बारीक!"

"इश्श, मी कसली? तुम्हीच मागच्या वेळेपेक्षा वाळलात!"

दोघी बाहेर उभ्या, दार उघडं, मागे बस हॉर्न मारतेय. दादा उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "दोघी कडेला बसा. मधे गुरुजी बसतील."

आमचे गुरुजी संध्याकाळी पोरांना मराठी शिकवतात. अंगाने काडी. कडक इस्त्रीचा शर्ट घालून क्युरपिपला कुठल्यातरी सभेला निघाले होते. नाही म्हणायच्या आत ते मधे गेले आणि दोन्ही बाजूंनी विहिणी आल्या. गाडी निघाली. वाटेत गुरुजींचा आवाज नाही. क्युरपिपला दादाने दार उघडलं, एक विहीण उतरली. गुरुजी तसेच बसलेले.

"गुरुजी, आलं क्युरपिप. उतरा."

"उतरलो असतो रे," गुरुजी म्हणाले, "पण यातला माझा डावा पाय कुठला?"

*

आमच्याकडे टॅक्सी बससारखी एकाच रस्त्याने धावते, वाटेत हात करील त्याला घेते. तिला आम्ही टॅक्सी-ट्रेन म्हणतो. कायद्याने मागे तीन माणसं. दादाच्या गाडीत मागे किती, हे दादाही सांगू शकायचा नाही. त्याची एक पद्धत होती. एकाने पाठ टेकायची, शेजारच्याने पुढे वाकायचं, पुन्हा एकाने टेकायची. खांद्यात खांदा अडकत नाही. आणि तोंडाने एकच, "सेर एन तिगित, सेर!" म्हणजे सरका जरा, सरका!

एकदा माएबूरच्या रस्त्यावर पोलिसाने हात केला. दादाने गाडी थांबवली. पोलिसाने मागच्या काचेतून डोकं आत घातलं. टेकलेले, वाकलेले, मांडीवरचे, एक कोंबडीची टोपली.

"हे काय? हे किती आहेत?"

दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, ते राहू दे. तुम्हाला कुठे जायचंय?"

पोलीस रस्त्याकडे बघायला लागला. ऊन कडक, त्याची ड्यूटी संपलेली, बसचा पत्ता नाही. मग त्याने टोपी काढली, दार उघडलं आणि स्वतःच म्हणाला, "सेर एन तिगित!"

चार मैल गेल्यावर दुसरा पोलीस. त्याने शिट्टी मारली. आता मात्र दादाला घाम फुटला. दुसरा पोलीस वाकून आत बघू लागला, तर कोंबडीच्या टोपलीखालून पहिल्याचा आवाज आला, "सगळ्यांना पकडून नेतोय! आव्हांस, शोफर, आव्हांस! चल पुढे!"

*

हा किस्सा मारसेलचा. मारसेल आमच्या स्टँडवरचा दादाचा जिवलग मित्र. त्याची गाडी लहान, मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला लागतात. दादाच्या गाडीत पॅसेंजर पाय पसरून बसलेले बघून त्याचा जळफळाट व्हायचा.

एक दिवस मारसेलने घरी जाऊन स्वतःची सीट पुढे ओढून पक्की केली. मागे झाली ऐसपैस जागा! दुसऱ्या दिवशी स्टँडवर ओरडतोय, "या, या! नाचायला जागा आहे!" पॅसेंजर बसले, खूश झाले. मारसेल मात्र स्टिअरिंग व्हीलला मिठी मारून बसलेला. प्रत्येक वळणावर त्याच्या पोटाने हॉर्न वाजतोय!

पूर्ण रस्ताभर लोक बाजूला होत गेले. क्युरपिपला तो दादाच्या आधी पोहोचला. दादा त्याला म्हणाला, "मो फ्रेर, माझ्या भावा, गाडी तुझी पळाली की पोट?"

मारसेल हा किस्सा सांगताना आता मधेच थांबतो आणि कपडा घेऊन गाडी पुसायला लागतो. गाडी स्वच्छच असते.

*

दादाच्या लग्नाचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिलेला. वरात कांप दे मास्कहून रोझ बेलला यायची. गाडी दादाचीच, पण नवरदेवाने कशी चालवायची? म्हणून स्टँडवरचे हसनचाचा चालवायला बसले. मी त्यांच्या शेजारी. मागे दादा, नवी वहिनी आणि मधे पिटरबोटवर करवली, वहिनीची मामेबहीण, हातात पेटलेला शकुनाचा दिवा घेऊन. दिवा नवऱ्याच्या दारापर्यंत विझता कामा नये. म्हणून सगळ्या काचा बंद.

जानेवारीचा महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा! बाहेर उसाला घाम यावा असं ऊन. आत पाच माणसं, हार, अत्तर आणि दिवा. दादा पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागे बसलेला. एकीकडे घाम पुसतोय, दुसरीकडे चाचांना सांगतोय, "चाचा, गियर! चाचा, तिथे खड्डा आहे!"

चाचा म्हणाले, "दुल्हा, तू लग्न सांभाळ. गाडी मी सांभाळतो."

दादाने हळूच काचेच्या हँडलला हात लावला. करवली ओरडली, "दाजी! दिवा विझला तर ताईचं काही खरं नाही!" दादाने हात मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा हात. पुन्हा करवली. माझ्या शर्टातून पाणी गळत होतं.

नवी वहिनी तोवर मान खाली घालून बसली होती. रडत असेल असं आम्हाला वाटलं. तिने एकदम डोक्यावरचा पदर मागे सारला, वाकली आणि फूऽऽ! दिवा विझवला.

"उघडा आता काच," ती म्हणाली.

 मग चारी काचा धडाधड खाली आल्या आणि दादा जो हसत सुटला तो घरापर्यंत थांबला नाही! आमच्या गावाच्या अलीकडे चाचांनी दुकानापाशी गाडी थांबवून काडेपेटी घेतली.

दारात आमच्या आईने जळता दिवा बघितला आणि डोळे पुसत म्हणाली, "किती गं जपून आणलंस!"

*

पुढे एका वर्षी आमचा आणि काकांचा मिळून एकच गणपती बसवला. मूर्ती मोठी. नदीवर न्यायला निघालो तर मुकुट छताला! आरती झालेली, लोक रस्त्यावर, सगळे दादाकडे बघतायत. दादाने मागच्या सीटला गुडघ्याने एक धक्का दिला, वर उचलली आणि अख्खी सीट काढून अंगणात ठेवली. देव पाटासकट खाली जमिनीवर, पिटरबोटला टेकून. वर चांगली वीतभर जागा राहिली.

दादा हळू चालवतोय, मागे आम्ही टाळ वाजवत चालतोय. वाटेत चौकात एक म्हातारी क्रेओल तांत, म्हणजे मावशी, भाजीची टोपली घेऊन उभी. तिने हात केला. आणि दादाचा पाय! सवयीने ब्रेकवर गेलाच!

तांतने दार उघडलं, टोपली आत टाकायला वाकली, आणि समोर साक्षात गणपती.

"आयो!" तिने टोपली छातीशी धरली. मग दार हळूच लावत म्हणाली, "पार्दों, मिस्ये, माफ करा. तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या गाडीने येते."

*

एक किस्सा मी स्टँडवर सांगत नाही. इथे सांगतो.

दादाच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी गाडी मी चालवली. तो मागे, वहिनी त्याला धरून. मी सुसाट. उसाच्या शेतांमधून नुसती धूळ. मागून दादा म्हणाला, "थांब."

मला वाटलं, संपलं. मी ब्रेक दाबला.

"तो बघ, हात करतोय."

रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता, खांद्यावर कुदळ.

"दादा, अरे तुला बरं नाही!"

"मला नाही. त्याला काय झालंय? घे त्याला. जागा आहे."

आणि तो सरकला! एका हाताने छाती धरून, दुसऱ्या हाताने सीटवर रेटा देऊन वहिनीकडे सरकला. तो माणूस बसला. दादाचा चेहरा बघून घाबरला. "कुठे निघालात?"

"हॉस्पिटलात," दादा म्हणाला. "तुम्हाला कुठे सोडायचं?"

तो माणूस तेराव्याला आला होता. दाराशीच उभा राहिला, आत येईना.

*

रविवार उजाडला. महादेव पहिल्या बसने आला, रिकाम्या टोपल्या घेऊन. वहिनीला नमस्कार केला, पोरींना खाऊ दिला. मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने मागचं दार उघडलं, सीटला धक्का दिला, काढली आणि अंगणात लिचीच्या झाडाखाली ठेवली. मग फडकं घेऊन गाडी आतून पुसायला लागला. मी ओट्यावर बसून दातओठ खात होतो. वहिनी आत चुलीपाशी.

तेवढ्यात स्टँडवरची मंडळी आली. रविवारी येतात, वहिनीची चौकशी करायला. हसनचाचा, मारसेल, मारसेलची बायको, गुरुजी. अंगणात बसायला दुसरं काही नव्हतं. चाचा सीटवर टेकले. त्यांच्या शेजारी मारसेलची बायको बसली, तेव्हा अर्धी सीट संपली. मधे गुरुजी. पलीकडे मारसेल. शेजारची काकी भांडं परत करायला आली होती, ती म्हणाली, "सरका की!" एक टेकला, एक वाकला, काकीही बसली. मग पोरी आल्या आणि दोन मांड्यांवर चढल्या.

गाडी नाही, चाकं नाहीत, लिचीच्या झाडाखाली नुसती सीट, आणि सगळे पुढे बघत बसलेले! कोणीतरी पोलिसाचा किस्सा काढला. मारसेलच्या बायकोला हसू आवरेना, ती हसली की अख्खी सीट हलायची. अंगणात किती दिवसांनी इतका आवाज झाला.

महादेव फडकं घेऊन आला. बिचारा नम्रपणे म्हणाला, "जरा उठता का? सीट शेडमध्ये ठेवतो."

कोणी हलेना.

चाचा म्हणाले, "बेटा, मी उठलो असतो. पण हे सगळे उठल्याशिवाय माझा हात सुटत नाही."

गुरुजी म्हणाले, "माझं काही विचारूच नका."

मारसेल समोर बघत म्हणाला, "मी पॅसेंजर आहे. ठिकाण आलं नाही तर उतरू कसा?"

धाकटी पोर ओरडली, "मामा, तूही बस ना!"

महादेव माझ्याकडे बघायला लागला. मी ताडकन उठलो, काहीतरी वेडंवाकडं बोलणारच होतो. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. उंबऱ्यातच थांबली. सीटकडे बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाकडे.  मारसेलच्या बायकोने पोरीला मांडीवरून उतरवायला घेतलं.

वहिनीने ट्रे ओट्यावर ठेवला. कमरेला खोचलेली चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"भावजी, माणसं कधीची येऊन बसलीत, आणि गाडी अजून लागली नाही?"

मग ती भावाकडे वळली.

"महादू, टोपल्या डिकीत टाक. आणि तू पुढे बस."